दोन चाळीसची बोट

फॉर्मवर रकाना चार बोटांचा:
मुलाविषयी आणखी काही?
मी लिहिलं, ताट पांढरंच.
टोस्ट आडवा कापायचा, तिरका नाही.
हात सुकवायचं यंत्र सुरू असेल
तर तो बाथरूममध्ये जाणार नाही,
हट्ट करू नका, तुम्हीच हराल.
गुणगुणतो तेव्हा तो दुःखी नसतो.
गप्प झाला तर मात्र
बाकीच्यांना खोलीबाहेर काढा.
रकाना संपला. समासातून वर चढत गेले,
कागद उलटला,
आणि मागच्या कोऱ्या पानावर काही सुचेचना.
वय पंधरा. उंची सहा फूट. बूट अकरा नंबरचे.

अडीच वर्षं अर्ज करून काउन्सिलनं दिलेल्या
दर सहा आठवड्यांनी दोन रात्री.

"नेरिस, तुम्ही निघा आता," लोवरी म्हणाली.
माझ्या निम्म्या वयाची असेल.
मनगटावर तिच्या चाव्याचा जुना वण.
तो पाहून मला धीर आला,
हे एमलिनलाही सांगितलेलं नाही.

गेथिननं मागे वळून पाहिलं नाही.
त्यानं त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं
आणि म्हणाला, दोन मिनिटं मागे आहे.

घरी एमलिननं सुऱ्यांच्या कप्प्याचं कुलूप काढलं,
किल्ली फ्रीजवर ठेवली,
आणि आम्ही दोघं
त्या उघड्या कप्प्याकडे बराच वेळ पाहत बसलो
लग्नात आलेला आहेर पाहावा तसे.
मग त्यानं पाव कापला. रेडिओ लावला. बंद केला.
"काय करायचं गं आता?"
मला हसू आलं, मग ते आवरेना,
मग ते हसू राहिलं नाही.

कुंपणावरून मिसेस पारी म्हणाल्या होत्या,
पोटचं लेकरू परक्याच्या दारी ठेववतं कसं?
ठेववत नाही हो.
झोप हवी म्हणून ठेवते.

शनिवारी दीपगृहाच्या पायऱ्या उतरलो.
कुणाचा हात धरायचा नव्हता
म्हणून एमलिननं माझा धरला.
तळवा खरखरीत झालाय त्याचा.
कधी झाला?

रात्री दोन चाळीसला डब्लिनची बोट निघते.
रोज त्या वेळी गेथिन उठतो,
खिडकीशी उभा राहून
बोटीचं नाव, बंदराचं नाव, किती मिनिटं उशीर,
सगळं भिंतीपलीकडून ऐकू येतं,
आणि रोज मी उशीत तोंड खुपसून
त्या बोटीला, होलीहेडला, अख्ख्या आयरिश समुद्राला
शिव्या घालते.
शनिवारी आपोआप जाग आली. दोन अडतीस.
त्याच्या खोलीत अनवाणी गेले.
खिडकीखाली गालिचा दोन जागी झिजलाय, पावलांपुरता.
माझी पावलं त्यात बुडाली.
उभी राहिले.
दिवे हलले. एक हिरवा, वर दोन पांढरे,
मग सगळी बोटच पेटल्यासारखी.
इतकी मोठी वस्तू
इतकी हळू, धक्का न लावता वळते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
म्हणजे,
सांगत होता. रोज.
मी मोठ्यानं म्हटलं, चार मिनिटं उशीर.
आणि जाऊन झोपले, थेट नऊपर्यंत.

रविवारी आणायला गेलो.
आधी लोवरीचं दुसरं मनगट पाहिलं. काही नव्हतं.
"एकदा त्यानं तिरका टोस्ट खाल्ला," ती म्हणाली,
"मग पुन्हा नाही."
आनंद झाला की राग आला,
अजून ठरत नाही.

गाडीत त्यानं पट्टा लावला, तीनदा ओढून पाहिला.
मी आरशात बघत म्हटलं,
"काल बोटीला चार मिनिटं उशीर झाला."
त्याचं गुणगुणणं थांबलं.
माझा जीव गोळा झाला.
एमलिननं गाडीचा वेग कमी केला.
वळण गेलं, पेट्रोल पंप गेला.
मग काचेबाहेर बघत,
मला नाही, काचेला सांगावं तसं,
तो म्हणाला,
"सहा."
आणि पुन्हा गुणगुणायला लागला.